विजेची तार आणि हृदयाचा ठेका

सोलापूरच्या भवानी पेठेंतील गल्ल्यांतून दुपारच्या वेळीं जाणाऱ्या माणसाच्या कानांवर मागांचा आवाज पडल्यावांचून राहत नाहीं. हातमाग आतां थोडेच उरले. त्यांची जागा यंत्रमागांनीं घेतली आणि चादरी-टॉवेलांच्या कारखान्यांचा खडखडाट तेवढा ऐकूं येतो. परंतु विणण्याचें मूळ तत्त्व बदललेलें नाहीं. ताण्याचे धागे वर-खालीं होऊन त्यांच्यांत फट पडावयाची, त्या फटींतून धोटा धांवावयाचा, आणि लागलीच फणीनें बाण्याचा धागा ठोकून बसवावयाचा. या तीन क्रिया ठरलेल्या क्रमानें व ठरलेल्या अंतरानें झाल्या तरच कापड निघतें. धोटा कितीहि जोरानें फेकला, पण फट मिटूं लागल्यावर तो पोंचला, तर धागे तुटतात आणि तो जोर फुकट जातो. हृदयाच्या एका दुखण्याची व त्यावरील विजेच्या उपचाराची हकीकत सांगावयाची तर ती या मागापासून सुरू करणें सोयीचें आहे. कारण त्या दुखण्यांतहि पुष्कळदां जोराइतकाच क्रम बिघडलेला असतो. आणि हें वैद्यकाच्या पुरतें ध्यानांत येण्यास, जिवंत माणसाच्या हृदयाला पहिल्यानें वीज लावली तेव्हांपासून, शंभराहून अधिक वर्षें लागलीं.

डॉक्टर ज्याला हार्ट फेल्युअर म्हणतात त्या विकाराच्या नांवावरून हृदय बंद पडलें असा समज होतो. तो बरोबर नाहीं. हृदय चालू असतें, परंतु शरीराला लागेल तेवढें रक्त पुढें ढकलण्यास तें पुरें पडत नाहीं. निरोगी हृदयाचा डावा खालचा कप्पा प्रत्येक ठोक्याला आपल्यांतील निम्म्याहून अधिक रक्त बाहेर लोटतो. या विकाराच्या एका मोठ्या वर्गांत तें प्रमाण शेंकडा ३०, कधीं २० पर्यंत उतरतें. पायांवर सूज चढते, जिना चढतांना दम लागतो, आणि पुढें पुढें रात्रीं दोन-तीन उशा पाठीशीं घेऊन बसल्या बसल्या झोंप काढण्याची वेळ येते. औषधांनीं अशा रोग्यांचें आयुष्य गेल्या चाळीस वर्षांत पुष्कळ वाढविलें आहे. तरीहि ज्यांना औषध पुरत नाहीं असे रोगी राहतातच, आणि विजेच्या उपचाराचा सारा इतिहास या उरलेल्यांसाठींच घडला.

हृदयाला आज्ञा मेंदूकडून मिळत नाहीं. ती हृदयांतच उत्पन्न होते. वरच्या उजव्या कप्प्याच्या भिंतींतील एका लहानशा गांठींतून विजेची लहर निघते, वरच्या दोन्ही कप्प्यांवर पसरते, मध्यावरील दुसऱ्या गांठीपाशीं क्षणभर थबकते, आणि मग एका बारीक दोरीसारख्या वाटेनें खालच्या दोन कप्प्यांत उतरते. तेथें त्या वाटेला डावी व उजवी अशा शाखा फुटतात, आणि सेकंदाच्या सुमारें दहाव्या हिश्श्यांत दोन्ही कप्प्यांतील सर्व स्नायूंना एकाच वेळीं आवळण्याची सूचना मिळते. ही वाट एकाएकीं सांपडलेली नाहीं. तिचीं टोंकें बोहेमियाच्या पुर्किंजेनें १८३९ सालीं पाहिलीं. मधली दोरी विल्हेल्म हिस या स्विस वैद्यानें १८९३ सालीं दाखविली व तिला त्याचेंच नांव मिळालें. या सर्व तुकड्यांची जोड सुनाओ तावारा या जपानी तरुणानें मारबुर्ग येथें राहून १९०६ सालीं लावली. आणि ज्या गांठींतून लहर निघते ती गांठ दुसऱ्याच वर्षीं कीथ व फ्लॅक या ब्रिटिशांच्या हातीं लागली. हिसची दोरी लांबीला अवघी दोन सेंटिमीटरांच्या आसपास भरते. हें माप पुढें उपयोगीं पडणार आहे.

वाट सांपडण्यापूर्वींच तिच्यावर वीज सोडण्याचा उद्योग मात्र सुरू झाला होता. गॅल्व्हानीनें बोलोन्या येथील आपले बेडकाच्या तंगड्यांचे प्रयोग १७९१ सालीं प्रसिद्ध केले, तेव्हांपासून मेलेल्या स्नायूला विजेनें हालविण्याचा एक छंदच युरोपांत माजला. जिवंत माणसाच्या हृदयाशीं हा संबंध १८८२ सालीं म्युनिक येथें आला. कॅथरिना सेराफिन या ४६ वर्षांच्या बाईच्या छातीवरील गांठ कापतांना डाव्या बाजूच्या फांसळ्या काढाव्या लागल्या होत्या, आणि तिच्या हृदयावर पातळ कातडीखेरीज कांहीं उरलें नव्हतें. हृदय डोळ्यांना धडधडतांना दिसे. त्सीम्सेन या प्राध्यापकानें तिच्या हृदयावर विजेचे स्पर्श करून पाहिले. स्वाभाविक ठोक्यांहून अधिक वेगानें ते दिले तर हृदय त्या परक्या ठेक्यामागें जातें असें त्याला आढळलें. त्या बाईला या प्रयोगांतून मिळण्यासारखें कांहीं नव्हतें. आज असा प्रयोग कोणी करूं धजणार नाहीं, आणि तें योग्यच आहे; परंतु हृदय बाहेरच्या विजेची आज्ञा मानतें ही गोष्ट तिच्या देहावर सिद्ध झाली हें नाकारतां येत नाहीं.

त्यानंतरचा काळ थांबलेलें हृदय चालू करण्याच्या खटपटींत गेला. स्कॉटलंडमधील मॅकविल्यमनें १८८९ सालीं तशी सूचना केली. सिडनीच्या मार्क लिडविलनें १९२८ सालीं एका निपचित जन्मलेल्या बालकाच्या हृदयांत सुई घालून त्याला विजेनें जागें केलें, आणि तें मूल जगलें. न्यूयॉर्कच्या हायमननें १९३२ सालीं हातानें चावी फिरवून चालविण्याचें यंत्र केलें. या गडबडींत १९२५ सालचा एक निबंध बाजूला पडला. क्लीव्हलंडचे शरीरशास्त्रज्ञ कार्ल विगर्स यांनीं जनावरांच्या हृदयावर कृत्रिम ठिकाणाहून वीज देऊन असें दाखविलें होतें कीं, असा ठोका नैसर्गिक ठोक्याहून मंद व दुबळा असतो, कारण लहर ठरलेल्या वाटेनें न जातां स्नायूंतून सरपटत पसरते. धोटा उशीरा पोंचतो, तीच ही गोष्ट. विगर्सचें म्हणणें कोणी खोडून काढलें नाहीं. तें फक्त कोणाच्या कामाला आलें नाहीं. ज्याचें हृदय थांबत आहे त्याला मंद ठोकाहि अमृतासारखा असतो.

आणि तो ठोका देणारें यंत्र १९५७-५८ च्या सुमारास खरोखरीच हातीं आलें. अमेरिकेंतील मिनियापोलिस शहराची वीज १९५७ च्या ऑक्टोबरांत गेली, आणि भिंतींतील विजेवर चालणारीं हृदययंत्रें ज्या बालकांना लावलेलीं होतीं त्यांच्या काळजीनें डॉ. लिलेहाय यांनीं अर्ल बॅकन नांवाच्या यंत्रकाराला बोलाविलें. बॅकननें एका हौशी लोकांच्या मासिकांत छापलेल्या, संगीताचा ताल धरणाऱ्या टिकटिकयंत्राचा नकाशा घेऊन कमरेला बांधण्याजोगी डबी बनविली. पुढच्याच वर्षीं, १९५८ च्या ८ ऑक्टोबर रोजीं, स्टॉकहोम येथें सेनिंग या शस्त्रवैद्यानें आर्ने लार्सन याच्या अंगांत पहिला संपूर्ण पेसमेकर बसविला. तो तयार करणाऱ्या एल्मक्विस्टनें त्याच्या सांच्यासाठीं बूटपॉलिशची डबी वापरली होती. तें यंत्र कांहीं तासांतच बंद पडलें. पण लार्सन त्यानंतर वीसाहून अधिक यंत्रें अंगीं वागवून २००१ सालापर्यंत जगला, आणि आपला शस्त्रवैद्य व आपला यंत्रकार या दोघांच्याहि मागें राहिला. त्याच १९५८ सालीं न्यूयॉर्कच्या सेमूर फर्मननें छाती न उघडतां शिरेंतून तार सरकवून ती उजव्या खालच्या कप्प्यांत टेंकविण्याची युक्ति काढली. त्या कप्प्याच्या टोंकाशीं तार सहज पोंचते व टिकते, म्हणून पुढें तीच जगभर रूढ झाली.

हृदय मंद झालेल्या लाखों माणसांना या तारेनें जीवदान दिलें. त्याबद्दल दोन मतें नाहींत. परंतु तारेचें टोंक हृदयाच्या स्वतःच्या वाटेवर नव्हतें. तें उजव्या कप्प्याच्या तळाशीं होतें. तेथून निघालेली लहर आधीं उजवा कप्पा आवळी आणि मग रेंगाळत डाव्याकडे जाई. ज्याचें हृदय मुळांत धडधाकट आहे त्याला हें बहुधा सोसतें. ज्याचें आधींच दुबळें आहे त्याचें काय, हा प्रश्न जवळजवळ चाळीस वर्षें नीटसा विचारलाच गेला नाहीं. त्याचें कडवट उत्तर २००२ सालीं अमेरिकेंतील ५०६ रोग्यांच्या एका तौलनिक परीक्षेंतून आलें. दुबळ्या हृदयाच्या ज्या रोग्यांना पेसमेकरची खरी गरज नव्हती, त्यांच्या हृदयाला उजवीकडून सतत ठेका देत राहिल्यानें त्यांची प्रकृति सुधारण्याऐवजीं बिघडली. रुग्णालयांत जाण्याचे प्रसंग व मृत्यु वाढले. उपकार करावयास गेलेली तार अपकार करूं शकते, ही गोष्ट धंद्यांतील अनेकांना जड गेली असावी.

याच्या उलट बाजूनें फ्रेंच मंडळी आधींच निघालीं होतीं. दुबळ्या हृदयाच्या रोग्यांपैकीं सुमारें एक तृतीयांशांत खालची वाट आपोआपच बिघडलेली असते. बहुधा डावी शाखा बंद पडते, आणि डाव्या कप्प्याची एक भिंत आवळत असतां समोरची भिंत सैल राहते. रक्त पुढें जाण्याऐवजीं आंतल्या आंत हेलकावतें. काझो व त्यांचे सहकारी यांनीं १९९४ सालीं ५४ वर्षांच्या एका गृहस्थाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याची लहर पसरावयास सेकंदाचा पांचवा हिस्सा, म्हणजे निरोगी हृदयाच्या दुप्पट वेळ लागे, आणि अंथरुणांतून उठणेंहि त्याला कठीण झालें होतें. चारहि कप्प्यांना जोडलेल्या तारांनीं त्याच्या हृदयाच्या दोन्ही बाजू एका वेळीं आवळतील अशी व्यवस्था केली गेली. सहा आठवड्यांत त्याच्या अंगांतील सुजेचें पाणी उतरून वजन १७ किलो कमी झालें. हृदयाचा स्नायु नवा मिळाला नव्हता, नवें औषधहि दिलें नव्हतें; नुसती वेळ जुळविली होती.

या उपचाराला पुढें तीन तारांचें रूप मिळालें, आणि तो प्रयोगाच्या कोटींतून बाहेर पडला. युरोपांतील ८१३ रोग्यांच्या परीक्षेचा निकाल २००५ सालीं आला: नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांपैकीं शेंकडा ३० दगावले, तारा बसविलेल्यांपैकीं शेंकडा २०. तथापि सर्वांनाच गुण येत नाहीं. तिसरी तार हृदयाच्या पाठीमागील शिरेंतून न्यावी लागते व ती शीर प्रत्येकाची सोयीची नसते. आणि यंत्राची किंमत लाखांच्या घरांत जाते. भवानी पेठेंतील माग चालविणाऱ्याच्या मिळकतीशीं त्या आंकड्याची तुलना करून पाहणें फारसें सुखाचें नाहीं.

येथें एक साधा प्रश्न उभा राहतो. दोन बाजूंना दोन कृत्रिम तारा लावून नैसर्गिक वाटेची नक्कल करण्यापेक्षां, त्या वाटेलाच कां तार लावूं नये? हिसची दोरी शाखा फुटण्यापूर्वींची आहे. तिला ठेका दिला तर पुढची सारी कामगिरी हृदयाची स्वतःची वाट करील. कल्पना नवी नव्हती. ओंकार नरूला या संशोधकानें अमेरिकेंत १९७७ सालीं असें दाखविलें होतें कीं, डावी शाखा बंद दिसणाऱ्या कांहीं रोग्यांत हिसच्या दोरीला किंचित् पुढच्या बाजूस वीज दिली कीं ती शाखा पुन्हां वाहूं लागते. म्हणजे बिघाड शाखेंत नसून दोरींतीलच कांहीं धाग्यांत असतो. पण हें क्षणापुरतें, प्रयोगशाळेंतल्या टेबलावर. दोन सेंटिमीटरांची, चिवट तंतूंत गुंडाळलेली ती दोरी डोळ्यांना दिसत नाहीं. सेकंदाला उसळणाऱ्या हृदयांत, नुसत्या विजेच्या खुणेवरून ती हुडकून तेथें तार कायमची रोंवणें अशक्यप्रायच समजलें जाई.

तें काम ज्यांनीं केलें त्यांचें नांव मराठी कानाला परकें वाटणार नाहीं. डॉ. प्रमोद देशमुख हे अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या उत्तर सीमेवर सेअर नांवाच्या गांवीं रॉबर्ट पॅकर रुग्णालयांत काम करीत. सेअर हें कांहीं विद्येचें मोठें पीठ नव्हे. रेल्वेच्या कारखान्यांमुळें वाढलेलें लहानसें गांव. तेथून देशमुख व त्यांचे तीन सहकारी यांचा निबंध २००० सालीं ‘सर्क्युलेशन’ या मान्यवर नियतकालिकांत आला. त्यांनीं निवडलेल्या १८ रोग्यांचीं हृदयें फुगलेलीं व दुबळीं होतीं, वरचे कप्पे बेबंद थरथरत होते, पण खालची वाट शाबूत होती. टोंकाला स्क्रू असलेली साधी तार त्यांनीं हिसच्या दोरीपाशीं नेली आणि बारा जणांच्या हृदयांत ती कायमची बसली. सुमारें दोन वर्षांच्या देखरेखींत त्यांचीं फुगलेलीं हृदयें आकसलीं, आणि एका ठोक्याला बाहेर पडणाऱ्या रक्ताचें प्रमाण सरासरी शेंकडा २० वरून ३१ वर गेलें. माणसाच्या हिसच्या दोरीवर कायमची तार बसविल्याची ही पहिलीच नोंद होय.

बारा रोग्यांवरून जग बदलत नाहीं, आणि तें बदललेंहि नाहीं. तार बसविण्यास वेळ फार लागे. दोरीभोंवतालच्या चिवट तंतूंमुळें वीज अधिक खर्च होई व बॅटरी लौकर संपे. कधीं तार सुटे. देशमुखांनीं २००४ सालीं ५४ रोग्यांचा हिशेब मांडला त्यांत ३९ जणांमध्येंच यश आलें होतें. त्याच वेळीं तीन तारांचा उपचार विजयी होत होता. मोठ्या परीक्षा, मोठ्या कंपन्या व मोठीं रुग्णालयें त्याच्या पाठीशीं होतीं. सेअरच्या तारेकडे दहा-बारा वर्षें थोड्यांनींच लक्ष दिलें. पुढें हिसच्या दोरीकडे वळेल अशा बांकाच्या नळ्या व बारीक तारा निघाल्या, तेव्हां तीच कल्पना निरनिराळ्या देशांतून पुन्हां वर आली. चीनमधील वेन्झोउच्या हुआंग वेइजियान यांनीं २०१७ सालीं तार पडद्यांतून थोडी पलीकडे, डाव्या शाखेपर्यंत नेऊन दाखविली. तेथें वीज कमी लागते आणि तार घट्ट बसते. आपल्याकडे मदुरेच्या डॉक्टरांनीं या पद्धतीवर केलेलें काम परदेशांतहि वाचलें जातें. तीन तारांच्या यंत्राऐवजीं पुष्कळदां साध्या पेसमेकरवर काम भागतें, हें तिचें आकर्षण हिंदुस्थानांत विशेष आहे. दीर्घकाळच्या मोठ्या तौलनिक परीक्षा मात्र अलीकडेच हातीं घेतल्या गेल्या आहेत, म्हणून ती तीन तारांची जागा सर्वत्र घेईल असें आजच म्हणणें उतावीळपणाचें होईल.

विजेच्या सर्वच वाटा सरळ निघाल्या असें नाहीं. हृदयाचा वेग आवरणारा व्हेगस नांवाचा ज्ञानतंतु मानेंतून खालीं उतरतो. त्याला वीज दिली कीं हृदय मंदावतें, हें वेबर बंधूंनीं १८४५ सालींच दाखविलें होतें. दुबळें हृदय सतत घाबरल्यासारखें धांवतें, तर हा लगाम विजेनें खेंचावा, अशी कल्पना निघाली. जपानांत २००४ सालीं उंदरांवर तिचा फार चांगला परिणाम दिसला. माणसांवरील एक प्रमुख प्रयोग हिंदुस्थानांतच झाला: दहा ठिकाणच्या ६० रोग्यांच्या मानेंत तार गुंडाळून सहा महिने ते पाहण्यांत आले, आणि २०१४ सालीं त्यांच्या हृदयांत माफक सुधारणा नोंदविली गेली. पण तुलनेसाठीं वीज न दिलेला रोग्यांचा गट त्यांत नव्हता. शस्त्रक्रिया झालेल्या, वारंवार तपासल्या जाणाऱ्या रोग्याला बरें वाटूं लागणें ही नित्याची गोष्ट आहे. तुलनेवांचून तिचें मोल ठरत नाहीं. तुलना झाली ती २०१६ सालीं, निराळ्या यंत्रानें, ७०७ रोग्यांवर. आणि त्यांत मृत्यु वा दुखण्याचा जोर कमी झाल्याचें दिसलें नाहीं. मणक्यांतून वीज देण्याचा प्रयोगहि असाच फसला. मानेंतील रक्तदाबाच्या गांठीला चेतविणारें एक यंत्र व हृदयाच्या आवळण्याच्या क्षणीं जोरकस लहरी देणारें दुसरें, अशा दोहोंना अमेरिकेंत २०१९ सालीं परवानगी मिळाली. परंतु त्यांचा उपयोग निवडक रोग्यांपुरता आहे. आजवर ज्या उपचाराचा पाया सर्वांत भक्कम ठरला तो क्रम जुळविण्याचाच.

मग उरतो तो पैशाचा प्रश्न, आणि त्याचें एक अनपेक्षित उत्तर मुंबईंत मिळालें. पेसमेकर अंगांत असतांना मृतदेहाला अग्नि दिला तर बॅटरीचा स्फोट होतो. म्हणून अमेरिकेंत अंत्यविधि करणारे लोक दहनापूर्वीं तें यंत्र काढून घेतात. तेथें तें एकदांच वापरण्याचें मानलें जातें. औषध-नियंत्रण खात्याला पुनर्वापर मान्य नाहीं, म्हणून तीं यंत्रें कचऱ्यांतच जात. पेनसिल्व्हेनियांतीलच डॉ. डॅनियल मस्कारेन्हस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशीं १२१ यंत्रें अंत्यविधि करणाऱ्यांकडून मिळविलीं. त्यांपैकीं ५३ यंत्रांच्या बॅटरींत शेंकडा ७० वा अधिक आयुष्य शिल्लक होतें. तीं जंतुरहित करून वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयांत, ज्यांना नवें यंत्र घेणें शक्य नव्हतें अशा ५३ रोग्यांना बसविण्यांत आलीं. सरासरी पावणेदोन वर्षांच्या देखरेखींत जंतुसंसर्ग वा यंत्राचा बिघाड झाल्याचें आढळलें नाहीं, असें २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत नमूद आहे. त्याच वर्षीं मुंबईचे डॉ. यश लोखंडवाला व त्यांचे अमेरिकेंतील सहकारी यांनीं, हृदय अकस्मात् बेताल झाल्यास धक्का देऊन सावरणाऱ्या जुन्या यंत्रांचा ८१ रोग्यांतील अनुभव मांडला. त्यांतहि जंतुसंसर्ग झाला नव्हता. कॅनडांतील माँट्रियलहून पाठविलेलीं असलीं यंत्रें मेक्सिको व मध्य अमेरिकेच्या बाजूच्या देशांत १,०५१ रोग्यांना बसविलीं गेलीं. नव्या यंत्रांशीं ताडून पाहतां त्यांत जंतुसंसर्ग वा त्यामुळें होणारे मृत्यु लक्षांत येण्याइतके अधिक नव्हते, असा निर्णय २०२० सालीं आला.

सेअर आणि ईस्टन हीं दोन्ही गांवें पेनसिल्व्हेनियांतच आहेत. एका गांवीं तार हृदयाच्या स्वतःच्या वाटेवर नेण्याची युक्ति निघाली. दुसऱ्या गांवीं राहणाऱ्या मस्कारेन्हसांनीं मृतांच्या छातींतून निघालेलीं यंत्रें खोक्यांत भरून मुंबईला धाडलीं.